कोऱ्या ठरवलेल्या एकशे त्र्याहत्तर फायली

प्रति,
माननीय अभिलेख अधिकारी,
अभिलेखागार, तळमजला, खोली क्र. ४

विषय : अहवालांच्या उर्वरित १७३ फायली सोमवारी न पुसण्याबाबत.
संदर्भ : १) आपली ‘रिक्त फायली निष्कासन’ सूचना. २) अर्जदाराचे यापूर्वीचे चार अर्ज (पोच नाही).

महोदय,

प्रस्तुत अर्जदार जुन्या हस्तलिखितांचा अभ्यासक असून आपल्या दाराबाहेरील बाकावर त्याचा हा सतरावा दिवस आहे.

१. आपल्या तळघरातील नळ फुटून २१४ हस्तलिखितांचा लगदा झाला. त्याआधी अकरा वर्षे खपून अर्जदाराच्या धाकट्या बहिणीने निरनिराळ्या प्रकाशात त्यांची छायाचित्रे घेतली, पुसट शाई वाचनीय केली आणि प्रत्येकाचा अहवाल तयार केला. त्या दिव्यांपुढे तिची नजर गेली. दर गुरुवारी आपल्याच वाचनकक्षात अर्जदार तिला एक अहवाल वाचून दाखवतो व ती त्याच्या चुका काढते. दुसरी प्रत नाही. ती काढण्यास आपलीच मनाई आहे.

२. या फायली दोनदा टिचकी मारल्यास त्यांच्या खास प्रोग्राममध्ये उघडतात. आपले नोंदणी लिपिक मात्र कोणतीच फाईल उघडत नाहीत. यादीत ती निवडून शेजारच्या चौकटीत काय उमटते एवढेच पाहतात. पत्रे उमटतात, फोटो उमटतात. या अहवालांपुढे चौकट पांढरी राहते. “आत काही असतं तर बाहेर दिसलं नसतं का, मास्तर?” असे त्यांनी विचारले. चाळीस वर्षे ग्रंथ उघडून वाचण्याची खोड असल्याने अर्जदारास हा प्रश्न नवा होता.

३. त्यावर नेमलेल्या त्रिसदस्यीय समितीने पडद्यावरील फायलींच्या चिन्हांचा आकार सर्वांत मोठा करून पाहिला व पांढरेपणा सर्वत्र एकसारखा असल्याचे प्रमाणित केले. एकेक फाईल तीनशे एमबीची असल्याचे निदर्शनास आणताच, ‘कोऱ्या असून इतकी जागा अडवतात’ म्हणून त्यांना पुसण्याच्या यादीत अग्रक्रम मिळाला.

४. त्याच चौकटीत अहवालाचे पहिले पान दाखवणारा छोटा प्रोग्राम अर्जदाराने पेन ड्राइव्हवर आणून दिला. ‘कोऱ्या फायली पाहण्यासाठी साधनाची आवश्यकता नाही’ या शेऱ्यानिशी तो परत आला. शेऱ्याचे अक्षर वळणदार आहे.

५. आजवर ४१ फायली पुसल्या गेल्या. गेल्या गुरुवारी नेमकी त्यांतलीच एक वाचायची होती. अर्जदाराने रिकाम्या पडद्यापुढे बसून आठवेल तसे वाचल्याचे सोंग केले. चौथ्या ओळीला बहीण म्हणाली, “दादा, हे पान माझं नाही.” अर्जदाराने तिला अद्याप खरे सांगितलेले नाही. ते आपण येऊन सांगावे, अशी सूचना करण्याचा मोह त्याने आवरला आहे.

सबब, सोमवारचे निष्कासन थांबवावे व आपण स्वतः कोणत्याही एका फायलीवर दोनदा टिचकी मारावी. एवढ्या कृतीस समितीची मान्यता लागत नसावी.

आपला, अद्याप नम्र,
(सही)
अर्जदार
दि. १९, शुक्रवार

सोबत : बंद लिफाफा, एक. त्यात पुसलेल्या त्या फायलीचे पहिले पान आहे. बहिणीने ते काही न विचारता तोंडपाठ सांगितले, अर्जदाराने लिहून घेतले. लिफाफा बाहेरून कोरा आहे. कृपया फोडावा.