माझा मोठा कॅमेरा विकावा की ठेवावा याबाबत

मी, नानाजी कवडूजी रेवतकर, वय एकाहत्तर, धंदा फोटोग्राफी, राहणार जरीपटका, नागपूर, हे मृत्युपत्र स्वखुशीने आणि पूर्ण शुद्धीत लिहून ठेवत आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. पत्नी प्रेमलता हिने "इंग्रजीत टाइप करून घ्या ना, वजन पडते" असा आग्रह धरला होता, पण त्याला दबाव म्हणता येणार नाही. साखर आहे, गुडघे गेले आहेत, डोके शाबूत आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

कलम १. राहते घर माझ्या पश्चात प्रेमलताचे. तिच्यानंतर मुलगा सौरव आणि मुलगी मयुरा यांचे निम्मे-निम्मे. प्रेमलता आहे तोवर घर पाडून फ्लॅट स्कीम करण्याचा विषय कोणी तिच्यासमोर काढू नये. माझ्यासमोर काढला होता तेव्हा काय झाले ते जावईबापूंना आठवत असेल.

कलम २. बँकेतील ठेवी प्रेमलताच्या. तिने त्या हयातीतच मुलांना वाटून टाकू नयेत. तिचा स्वभाव मला माहीत आहे.

कलम ३. इतवारीतील स्टुडिओ, दिवे, पडदे, दोन नेहमीचे कॅमेरे आणि भिंतीवरचा काश्मीरचा देखावा सौरवला. देखाव्याला त्याने हसू नये. त्याच्यापुढे बसून काढलेल्या फोटोंवर निम्म्या इतवारीची लग्ने जमली आहेत, त्याच्या आईचेही त्यातलेच.

कलम ४. आता मोठा कॅमेरा. या एका वस्तूवरून आमच्या घरात जेवढी वादावादी झाली तेवढी दोन्ही मुलांच्या लग्नांवरून झाली नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

हा मिडियम फॉरमॅट डिजिटल कॅमेरा आहे, शंभर मेगापिक्सेलचा. याच्या आतला सेन्सर नेहमीच्या कॅमेऱ्यापेक्षा बराच मोठा असतो, त्यामुळे फोटो कितीही मोठा केला तरी सहजासहजी फाटत नाही, म्हणजे धूसर होत नाही. सहा वर्षांपूर्वी तो लेन्ससकट घेतला तेव्हा तेवढ्या पैशात दारात नवी कार उभी राहिली असती. प्रेमलताने तर तिचा रंगसुद्धा ठरवला होता.

धंद्याचे म्हणाल तर तो परवडला नाही. हे मी लेखी देतो. पहिल्याच लग्नात नवरीची आई अल्बम बघून म्हणाली, "काहून हो भाऊ, पोरीच्या नाकावरची पुरळ दाखवून राहिले तुमी? गोरी करून द्या ना जरा." जे दिसावे म्हणून मी पैसे मोजले होते तेच पुसत बसण्यात माझे दिवस गेले. सराफ्यातल्या एका शेठजींसाठी बांगडीवरची नक्षी अशी काढली की कारागिराच्या हातोडीची खूण दिसावी. शेठजी म्हणाले, "बढिया. आता व्हॉट्सअ‍ॅपवर टाकून द्या." सौरव तेव्हापासून म्हणतो आहे की बाबा, हा विका, ड्रोन घेऊ. त्याचा हिशेब चुकीचा नाही.

पण पैसे कुठून आले तेही लिहिले पाहिजे. नरखेड तालुक्यातल्या आमच्या गावी वडिलांची संत्र्याची बाग आम्हा दोघा भावांत वाटली गेली होती. माझा वाटा मी बाहेरच्या माणसाला विकला. धाकट्या वसंतला आधी विचारले होते. त्याला तेव्हा घेणे जमत नव्हते, थांब म्हणाला. मी थांबलो नाही. विहीर सामाईक होती. नव्या मालकाने मोठा पंप बसवला आणि त्या उन्हाळ्यात वसंतच्या झाडांना पाणी पुरेना. "एका डब्ब्यापायी बाग इकली यानं," असे तो चारचौघांत म्हणाला आणि त्यानंतर माझ्याशी बोललाच नाही. माझा वाटा विकण्याचा मला हक्क होता, हे मी आजही म्हणेन. भाऊ बोलत नाही याचे दुःख मात्र त्याने कमी झाले नाही.

पुढे दोन वर्षांनी गावात मारुतीच्या देवळाचा सभामंडप बांधून झाला. साऱ्या गावाचा मिळून एकच फोटो काढायचे ठरले आणि मला बोलावले. शाळेच्या पायऱ्यांवर माणसे उभी केली. वसंतने निरोप धाडला की त्या कॅमेऱ्यासमोर तो उभा राहणार नाही. मी फोटो काढला, चहा घेतला, परत आलो.

यंदा पोळ्यानंतर गावची यमुताई वारली. तिचा एकटीचा फोटो घरात एकही नव्हता. तेरवीला हार कोणत्या फोटोला घालायचा, म्हणून तिची मुलगी सोनिका माझ्याकडे आली. मी गावाचा तो फोटो संगणकावर उघडला. यमुताई शेवटच्या रांगेत दोन टोप्यांच्या मधून डोकावत होती. चेहरा मोठा केला तर कपाळावरचे गोंदणसुद्धा स्पष्ट आले. सोनिका पडद्याला हात लावून म्हणाली, "काका, माही मायच होय ही."

तो चेहरा शोधताना मी शेवटच्या रांगेच्याही वर गेलो होतो. शाळेच्या कुंपणाबाहेर, रस्त्याच्या पलीकडे एक माणूस दिसला होता. सोनिकाचे काम झाल्यावर तोही मोठा केला. वसंत होता. इस्त्रीचा पांढरा शर्ट, गळ्यापर्यंत बटणे, केस पाण्याने चापून बसवलेले, दोन्ही हात सरळ खाली, नजर थेट माझ्याकडे. फोटोसाठी माणूस उभा राहतो तसा तो उभा होता. एवढ्या दुरून आपण फोटोत येणार नाही असे त्याने धरले असावे. मोबाईलने काढला असता तर तिथे एक पांढरा ठिपका आला असता. मला रडू आवरले नाही. सोनिकाला वाटले, मी यमुताईसाठी रडतो आहे. मी तिला तसेच वाटू दिले.

कलम ५. मोठा कॅमेरा विकावा आणि येईल ती रक्कम माझा भाऊ वसंत याला द्यावी. आता कॅमेऱ्याला निम्मी किंमतही येणार नाही आणि बागेचा भाव तर दुप्पट झाला आहे, पण जे येईल ते त्याचे.

(कलम ५ मी रद्द करत आहे. खोडलेल्या ओळींशेजारी माझी सही आहे. वकील मेघाताई म्हणाल्या, पुन्हा स्वच्छ लिहून काढा. मी म्हटले, खोडलेलेही मुलांना दिसू द्या.)

कलम ६. ज्याला द्यायचे त्याला आधी विचारा, असा मेघाताईंचाच सल्ला होता. म्हणून फोटोतला वसंतचा तेवढा भाग छापून घेतला आणि एसटीने गावी गेलो. तो बागेत होता. मी फोटो हातात दिला. त्याने चष्मा लावून बराच वेळ पाहिला.

"इतक्या दुरून आलो मी याच्यात?"

"आला."

"मंग मले बलावलं काहून नाही?"

"तवा मले दिसलाच नाही तू. आता दिसला, मागच्या महिन्यात."

तो खाली बसला. मीही बसलो, गुडघ्यांची पर्वा न करता. मग मी त्याला कलम ५ वाचून दाखवले.

"इकू नको गा दादा," तो म्हणाला. "बाग त गेलीच. आता हा बी इकशील त राहिलं काय? पैसे नको मले."

त्याने विचारले, या कागदावर अजून काय लागते. मी सांगितले की दोन साक्षीदार लागतात, एक शेजारचा रविंद्र आहे, दुसरा ठरायचा आहे. आणि ज्याला काही मिळणार आहे त्याने साक्षीदार होऊ नये, पुढे वाद निघतो, असे मेघाताई सांगतात.

"मंग मले काहीच देऊ नको," वसंत म्हणाला. "सही मी करतो."

म्हणून मोठा कॅमेरा सौरवला, आणि तो विकू नये. गावातून कोणी आपल्या माणसाचा चेहरा मागायला आले तर तो त्याने काढून द्यावा. वसंतला या मृत्युपत्रान्वये काहीही देण्यात आलेले नाही.

कलम ७. अंमलबजावणी मयुराने करावी. घरात पावत्या जपून ठेवणारी ती एकटीच आहे.

हे सर्व मी वाचले, ते माझे आहे, आणि खालील दोघांच्या देखत मी सही करत आहे.

सही: नानाजी कवडूजी रेवतकर
ठिकाण: नागपूर. तारीख: १२ नोव्हेंबर २०२५

साक्षीदार १: रविंद्र महादेवराव बोबडे, धंदा किराणा, रा. जरीपटका. (सही)

साक्षीदार २: वसंत कवडूजी रेवतकर, धंदा शेती, नरखेड तालुका. नानाजी माझे सख्खे भाऊ आहेत. त्यांनी माझ्यासमोर सही केली आणि मी त्यांच्यासमोर केली. (सही)