नंदिनीचा श्वास

होटगी, १२ जून २०२४

सौ. महेश्वरीवहिनींना सुंदरम्माचे शरणार्थ.

इकडं ठीक. दादाचे गुडघे कसे आहेत? शेजारच्या बसूबरोबर शेंगाचटणी पाठवलीय. फोन तीनदा हातात घेतला, पण तुमच्यापुढं जीभ वळली नसती, म्हणून कागद.

नंदिनीचा श्वास शांत असतो ना? मला अजून कुणी धापा टाकत आलं तरी धस्स होतं.

सुट्टीला माझ्याकडं आलेली पोर त्या दिवशी उठली तीच पळून आल्यासारखी, खोल खोल श्वास घेत. उलट्या, सारखी तहान. मला दमा वाटला. वाफ दिली, छाती चोळली. तोंडाला फार पिकलेल्या फळाचा वास येत होता, तरी मला कळेना. दुपारी ती ग्लानीत गेली, तेव्हा रिक्षानं सोलापूर गाठलं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हा दमा नाही. इन्सुलिन न मिळाल्यानं रक्तात आम्ल साचलंय. ते बाहेर टाकायला शरीर असा श्वास घेतंय. इंजेक्शन किती दिवस चुकलं?"

"मला काय ठाऊक? तीच घेते की," मी म्हणाले.

सलाईन, इन्सुलिन चालू झालं. दुसऱ्या दिवशी श्वास संथ झाला. तुम्ही मैंदर्गीहून आलात, लेकीला विचारलंत. ती म्हणाली, "मीच सुई टाळली, अव्वा." तुम्ही तिला नाही नाही ते बोललात. मी उशाशी उभी होते.

वहिनी, तिनं टाळली नव्हती. रोज सुई घेणाऱ्या पोरीला कोण पत्करणार, हे माझ्या डोक्यात. एका बाईनं झाडपाल्याची पूड दिली, सुई बंद ठेवायला सांगितलं. इंजेक्शनं मी कपाटात कोंडली, तीन दिवस. नंदिनी विनवत होती, "आत्या, असं चालत न्हाई, दे की." मी म्हटलं, "आत्यावर विश्वास न्हाई व्हय?" मग तिनं पूड घेतली.

काल दादा म्हणाला, तिचं नर्सिंगचं होस्टेल तुम्ही रद्द करताय. जिला सुई सांभाळता येत नाही ती एकटी काय राहणार म्हणून. ती नऊ वर्षं सांभाळतेय. अर्जाची मुदत शुक्रवारपर्यंत आहे. भरू द्या तिला.

हे पत्र दादाला वाचून दाखवा. शनिवारी मी येते. दार उघडायचं का नाही, ते तुम्ही ठरवा.

तुमच्या लेकीच्या जिवावर उठलेली,
सुंदरम्मा