गाडीचं जानवं

१४ जानेवारी १९९०, रविवार. धुळे.

संक्रांत. दुपारपर्यंत तिळगूळ गोड लागला. चारच्या सुमारास हॉर्न, आणि गल्लीत बस शिरली. एस.टी. इकडे कशी म्हणून बाहेर आलो, तर चालकाच्या जागी साडू. वसंतराव. (पुढे व.रा. लिहीन. रोज पूर्ण नाव लिहिलं तर नामस्मरण होईल.)

जळगावात जुनी मिनीबस लिलावात घेतली आणि वर्षभर खपून तिचं घर केलं. दोन्ही बाजूंना मिळून चार बर्थ, घडीचं टेबल, मागे गॅस, पाण्याची टाकी, फुलाफुलांचे पडदे. चौदा इंची टी.व्ही., बॅटरीवर चालणारा. टपावर अँटेना. दीपनगरच्या वीजकेंद्रातून मुदतीआधी निवृत्ती घेतली ती याचसाठी म्हणे. आता इथून सुरत, मग द्वारका-सोमनाथ. सीटचं थोडं काम आग्रा रोडच्या गॅरेजात करून घ्यायचं म्हणून मुक्काम आमच्या दारात, २८ पर्यंत.

"बर्थ चार आहेत, नाना. आम्ही दोघं, तुम्ही दोघं. सांगा."

सौ. आत चढली ती तासभर उतरली नाही. उतरली तेव्हा एवढंच म्हणाली, "एकेका गोष्टीचा किती विचार केलाय हो."

षड्रिपूंपैकी पहिले पाच या वयात थकलेत. सहावा, मत्सर, मात्र आज तालमीतून आल्यासारखा ताजा.

१५ जाने., सोम.

सकाळपासून दर्शनाला रांग. शेजारचे भिकनआबा चपला काढून गाडीत चढले. उतरल्यावर मला: "गुरुजी, हाई गाडी शे का घर शे? तुमना साडू भलता हुशार शे."

शाळा सोडून जळगावच्या दैनिकाचा वार्ताहर झालो त्याला किती वर्षं झाली, आबांना मी गुरुजीच. म्हटलं, "हुशार आहेत म्हणून तर माझे साडू झाले, आबा."

"तसं नही," आबा म्हणाले. "खरंच हुशार शे."

बातमी लिहायला बसलो. पांझरेच्या पुलाचे कठडे. दोन ओळी झाल्या. खिडकीतून बसचा पडदा दिसतो. फुलं मोजली.

१७ जाने., बुध.

कुणाशी बोलता येत नाही, म्हणून इथे. अमळनेरला, माझ्या सासरी, व.रा. पहिल्यांदा पोहे खायला गेले ते हिच्या धाकट्या बहिणीला, कुसुमला, बघायला नव्हे, सौ.ला बघायला. ते जुळलं नाही. मग मी गेलो, माझं जुळलं. पुढे वर्षभराने व.रा. पुन्हा त्याच ओट्यावर, पुन्हा पोहे, या खेपेला कुसुमसाठी.

नकार कुणी दिला होता? त्यांनी की हिने?

सासरे होते तोवर विचारणं शोभलं नसतं. ते गेल्यावर विचारायला कुणी उरलं नाही. उरली फक्त ही, आणि हिला विचारायचं म्हणजे... प्रश्न इतकी वर्षं एका जागी निमूट बसून होता. आता त्याला चार चाकं आली आहेत आणि तो दारात उभा आहे.

व.रा. हिला "अक्का" म्हणतात. मोठी मेहुणी म्हणून. बरोबरच आहे. तरी मी प्रत्येक वेळी कान देऊन ऐकतो.

१८ जाने., गुरु.

सहलीला नाही म्हणालो. कारण दिलं: बातम्यांची पाकिटं एस.टी.ने जळगावला कोण पाठवणार? सौ. म्हणाली, "पंधरा दिवस धुळ्यात काही झालं नाही तर जळगावला चुकचुकल्यासारखं होईल?"

मग तांदूळ निवडत, मान वर न करता: "मी जाईन म्हणते."

१९ जाने., शुक्र.

आज पहिली फट सापडली.

सौ. गाडीत चहा द्यायला वाकली आणि तिचा अंबाडा वायरीत अडकला. अँटेनाची चपटी वायर, बूस्टरची, बॅटरीची, ट्यूबची, पंख्याची, सगळ्या टपापासून टी.व्ही.पर्यंत वडाच्या पारंब्यांसारख्या लोंबताहेत. ज्या माणसाने आयुष्यभर वीजकेंद्र सांभाळलं त्याच्या घरात ही अवस्था. व.रा. हसले. "तेवढं राहिलंच बघा. चालतंय ना, मग लोंबेना का."

सौ. केस सोडवत म्हणाली, "एवढं नीट केलं असतं तर दृष्ट लागली असती."

तिने हे वाक्य सहज म्हटलं. मी सहज घेतलं नाही.

२२ जाने., सोम.

व.रा.ना म्हटलं, वायरी मी नीट करून देतो. ते माझ्याकडे बघत राहिले. "तुम्ही?"

"मी."

आमच्या घरी बल्ब कोण बदलतं हे त्यांना कुसुमकडून कळलेलं असणार. सौ. बदलते. पण वायर म्हणजे शेवटी सूत्रच, आणि सूत्राशी माझी जुनी ओळख आहे.

चांभाराकडून चामड्याच्या पट्ट्या आणल्या. पक्कड शेजारून.

२३ जाने., मंगळ.

बातमी पाठवली नाही. दिवसभर बसमध्ये. एकेक वायर सरळ करून खिडकीच्या वरच्या लोखंडी पट्टीला घट्ट चिकटवत नेतोय. वीतभर अंतरावर चामड्याची पट्टी, त्यावर स्क्रू. सौ. दोनदा डोकावली. दुसऱ्यांदा चहा आणला होता. आलं घालून.

२५ जाने., गुरु.

संपलं. शेवटी अडलं ते अँटेनाच्या चपट्या वायरीपाशी: सहा-सात हात जास्तीची. दुसऱ्याची वस्तू कापायची कशी? मग आजोबांनी शिकवलं होतं ते आठवलं. जानव्याचं सूत चार बोटांवर गुंडाळतात तशी ती वायर चार बोटांवर गुंडाळली, वेढ्याला वेढा चिकटवून, आणि वर ब्रह्मगाठ मारली. गुंडाळी टी.व्ही.मागच्या पत्र्याच्या खोबणीत दाबून बसवली. बाहेर तसूभर वायर दिसत नाही. गाडीची मुंज लागल्यासारखं वाटलं.

व.रा. बॅटरी चार्जिंगला देऊन परत आले. बघितलं. "अरे वा," म्हणाले. एवढंच. साडूच्या तोंडचं "अरे वा" म्हणजे मानपत्र.

सौ. आत आली. पट्टीवरून बोट फिरवलं. "तुमच्या हातात हे आहे, मला माहीतच नव्हतं."

सहावा झोपला. आज जेवण जास्त गेलं.

२६ जाने., शुक्र.

संचलन बघायला सगळी गल्ली गाडीपुढे. बॅटरी आली, टी.व्ही. लावला. राजधानीतली सेना दिसेना असं नाही. दुप्पट दिसत होती. प्रत्येक जवानाच्या खांद्याला त्याचाच पुसट जवान, उंटामागे त्याच उंटाचं भूत, आणि सगळ्यांवर मुंग्या.

भिकनआबा समाधानाने म्हणाले, "एकना दोन दिखी राह्यनात. सैन्य वाढी गयं आपलं."

व.रा. टपावर. कुसुम दारात. आत मी, टी.व्ही.पुढे.

"आता?"

"आता गेलंच पूर्ण."

"आता?"

"आवाज आला, माणसं गेली."

परवापर्यंत चित्र स्वच्छ होतं. अँटेना तीच, जागा तीच, टी.व्ही. तोच. मधे काय बदललं हे कळायला न्यायशास्त्र शिकावं लागत नाही. पण मी "जरा पूर्वेकडे फिरवा" असं म्हणालो. आणि व.रा. पूर्वेकडे फिरवत राहिले, घाम पुसत, माझ्या सूचनेप्रमाणे. ते बघताना जे वाटलं ते इथेही लिहीत नाही.

उतरताना शिडीवरून त्यांचा पाय सटकला. घोटा सुजलाय.

२७ जाने., शनि.

शिक्षा ताबडतोब. सौ. आंबेहळद उगाळतेय, कोमट लेप, दिवसातून तीनदा, साडूच्या पायाला. गेल्या पावसाळ्यात माझ्या गुडघ्यासाठी मी हाच लेप मागितला होता. बाम मिळाला होता.

निघणं पुढे ढकललं. आता ३ तारीख. सौ. म्हणाली, "बरंच झालं. रथसप्तमीचं हळदीकुंकू गाडीतच करू." म्हणजे माझ्या कर्तबगारीमुळे गाडी दारात आणखी आठवडाभर.

२९ जाने., सोम.

व.रा.नी हाक मारली. बर्थवर पडलेले, पाय उशीवर. पडलेला माणूस दिवसभर वर बघतो, आणि वर माझी पट्टी. तिथून नजर खोबणीपर्यंत पोचायला दोन दिवस पुरले.

"नाना, हे जानवं गाडीला कुणी घातलं?"

"मी."

"ही चपटी वायर लोखंडाला चिकटवायची नसते. गुंडाळायची तर नसतेच. चित्र तिथेच घुटमळतं." बोट दाखवून शांतपणे सांगितलं. रागावले असते तर सोपं गेलं असतं.

मी पक्कड शोधू लागलो.

"राहू द्या. अक्कांनी तीनदा दाखवलं मला. लेप लावायला आल्या की आधी वर बोट. 'हे यांनी केलंय, वसंतराव. बघितलंत ना?'" मग: "ही अख्खी बस मी बांधली. कुसुमने कुणाला बोट धरून आणून दाखवली नाही."

दोघंही वर बघत बसलो. साडू म्हणजे एकाच उंबऱ्यावर चपला काढलेली दोन माणसं. त्यापलीकडे आमची कधी ओळख झाली नव्हती.

तेव्हा विचारता आलं असतं. "वसंतराव, अमळनेरला तेव्हा..." इथवर तोंडाशी आलं. कुसुम भाजी घेऊन चढली.

"बायकांना सांगू नका," व.रा. हळू म्हणाले. वायरीबद्दल, हे माहीत होतं. तरी सहावा कानाशी म्हणालाच: कशाबद्दल?

३१ जाने., बुध.

पेच असा. गुंडाळी सोडली तर चित्र येईल आणि पट्टीवरून फिरलेलं तिचं बोट जाईल. ठेवली तर शुक्रवारी गल्लीतल्या बायका मुंग्या बघतील, आणि व.रा. माझ्यासाठी गप्प बसतील. त्यांचं गप्प बसणं मला परवडत नाही.

भिकनआबांनी आज दारातूनच विचारलं, "गुरुजी, तुमना साडूना पाय कसा शे?" माझ्या चेहऱ्याकडे बघून पुढे म्हणाले, "तुमना नही, त्यासना पुसी राह्यनू."

२ फेब्रु., शुक्र. रथसप्तमी.

सकाळी सौ. आंघोळीला गेली तेव्हा गाडीत शिरलो. ब्रह्मगाठ सुटता सुटेना. चांगली मारली होती. वेढे उलगडले, वायर लोखंडापासून लांब केली, पूर्वीसारखी मोकळी सोडली. चित्र स्वच्छ. निवेदिकेची टिकलीसुद्धा दिसली. व.रा. बर्थवरून बघत होते. काही बोलले नाहीत.

दुपारी हळदीकुंकू. बायका एका दाराने चढून त्याच दाराने उतरत होत्या, वाण म्हणून प्लॅस्टिकची गाळणी. टी.व्ही. चालू होता, बघत कुणी नव्हतं. सगळ्या टाकीचा नळ सोडून बघत होत्या.

संध्याकाळी सौ. गाळण्यांची रिकामी खोकी घेऊन आत आली.

"वायर सोडलीत?"

"चित्र येत नव्हतं."

"चित्र बघायला कोण आलं होतं?"

यावर माझ्याजवळ फक्त प्रश्न होता. इतक्या वर्षांचा, आणि तो एकदम बाहेर पडला, खोकी मोजल्यासारखा: "अमळनेरला वसंतराव तुला बघायला आले होते तेव्हा नाही कोण म्हणालं?"

तिने खोकी खाली ठेवली. हसली नाही. मग हसली.

"हे विचारायला दारात बस यावी लागली होय?"

"सांग ना."

"उद्या दुपारी जेवायला साक्रीला थांबणार आहोत, कुसुमच्या नणंदेकडे. चौथा बर्थ मोकळाच आहे. तिथे या, सांगते."

"इथे सांगायला काय होतं?"

"इथे बातमी होईल."

३ फेब्रु., शनि.

आठला निघाले. व.रा. थोडे लंगडत बसले, पण गाडी सुतासारखी सरळ काढली. कुसुमने हात हलवला. भिकनआबांनी पुढच्या काचेला हळदकुंकू लावलं. सौ. मागच्या खिडकीत. तिने हात हलवला नाही. पडदा बाजूला करून फक्त बघत होती. गल्लीच्या वळणावर गाडी हळू झाली तेव्हा खिडकीलगतची अँटेनाची वायर दिसली.

पुन्हा गुंडाळलेली. चार बोटांवर, वेढ्याला वेढा. गाठ ब्रह्मगाठ नव्हती, वेणीला मारतात तशी होती.

चित्र येणार नाही. द्वारकेपर्यंत प्रत्येकाचे दोन दोन दिसतील. व.रा.नी तिला करू दिलं म्हणजे... की त्यांनीच सांगितलं? की काल ते गप्प होते तेव्हा तिला आधीच ठाऊक होतं?

घरात आलो. टेबलावर पुलाच्या कठड्यांची अर्धी बातमी. ती पुरी केली. पिशवीत धोतराचं पान, दोन सदरे, शेजारची पक्कड (परत द्यायची राहिली).

स्टँडवर लिहितोय. पाकीट जळगावच्या गाडीत कंडक्टरच्या हाती दिलं. पलीकडे साक्रीची लागली आहे. नाही ती म्हणाली असेल तर का म्हणाली हेही विचारावं लागेल. आणि नाही त्यांनी म्हटलं असेल तर पंधरा दिवस त्यांच्याच गाडीत, त्यांच्याच चहावर... उत्तर न घेता घरी परतणं हेही एक उत्तर आहे, आणि त्यात गादी मऊ आहे. सहावा माझ्या आधीच खिडकीची जागा धरून बसलाय.

कंडक्टर दारातून वाकून विचारतोय, "बाबा, चढताय की लिहिताय?"