आरशासारखी सुरी आणि आजचे पाहुणे

ताई,

सकाळचं ऊन खिडकीतून आधी नळावर उतरतं, तिथून सावकाश ओट्यावर सरकतं आणि साडेसातच्या सुमारास तू मला दिलेल्या जपानी सुरीच्या पात्यावर येऊन विसावतं. मग छतावर प्रकाशाचा एक तुकडा थरथरत राहतो. तू रात्रपाळीहून येशील तेव्हा तो तिथेच असेल. आधी तो पाहा, मग पुढचं वाच.

तीन आठवडे मी ती सुरी घासतो आहे. आधी ओला पॉलिश पेपर, मग त्याहून बारीक, शेवटी तुझ्या निळ्या ओढणीचा तुकडा. (होय, ती मीच फाडली.) "अरे, सुरीचा आरसा करून भांग पाडणार आहेस की भाजी चिरणार आहेस?" असं तू विचारलंस, तेव्हा मी नुसता हसलो. पातं निष्कलंक झाल्यावाचून त्याला कांदा दाखवणं मला असभ्य वाटत होतं. अजूनही वाटतं.

आज संध्याकाळी तुझे सासू-सासरे जेवायला येणार आहेत, आणि "स्वयंपाक माझ्याकडे लागला" असं त्यांना छातीठोकपणे मीच सांगितलं होतं.

तू रोज बोटं चाटून जिचं कौतुक करीत होतीस, ती भाजी कोपऱ्यावरच्या हॉटेलातली होती. पातेलं तेवढं आपलं.

मी पाव आणायला जातो आहे. जरा लांबच्या दुकानात. मालकाच्या मुलीच्या लग्नामुळे ते हॉटेल आज बंद आहे, आणि ताई, मला स्वयंपाक येत नाही.