चौदा दिवसांच्या गोळ्या

अहो,

तुम्हाला जाऊन सहा वर्षं झाली आणि लिहायला बसले ती आज. कारण काल मी तुमच्याबद्दल खोटं बोलले.

आपल्या शीतलला दौंडला मुलगा झाला. तिसऱ्या दिवशी बाळाचे डोळे पिवळे पडले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "एका तपासणीचा रिपोर्ट स्पष्ट नाही. घरात कुणाला गोळ्या घेऊन गडद लघवी, कावीळ असं झालं होतं का?" शीतलनं माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "ह्यांना कावीळ झालती, पर गोळ्या कसल्याच न्हाई घेतल्या, बाई."

न्हावऱ्याला घरी परत आल्यावर डॉक्टरीणबाईंनी दिलेलं माहितीपत्रक चार वेळा वाचलं. रक्तातल्या लाल पेशी अंगभर प्राणवायू पोचवतात, पण त्यानंच त्या लोखंडासारख्या गंजूही शकतात. पेशीतलं एक एन्झाइम साखर वापरून त्यांना वाचवत असतं. काहींच्यात ते जन्मतःच कमी. एरवी कळतही नाही. काही औषधं पोटात गेली, की मात्र पेशी भराभर फुटतात. त्यांत तुम्ही घेतलेली हिवतापाची ती गोळीही आहे! बापातला हा दोष लेकीत येतोच, आणि तिच्याकडून तिच्या मुलात जाऊ शकतो.

तुम्हाला हिवताप झाला तेव्हा चौदा दिवसांच्या गोळ्या दिल्या होत्या. तिसऱ्या दिवशी तुम्ही म्हणालात, "कमल, लघवी कोऱ्या चहावानी व्हतीय. बास झाल्या गोळ्या."

मी पाकीट वाचून दाखवलं. "मधीच सोडायच्या न्हाईत, लिवलंय हितं."

"घरात मास्तरीण हाय म्हणल्यावर डॉक्टर कशाला!" तुम्ही हसलात. शाळा सुटलेली मी, स्वतःच वाचायला शिकले, म्हणून केवढा तोरा होता मला!

डोळे पिवळे झाल्यावर तुम्हाला एका म्हातारीकडे कावीळ उतरवायला नेलं. तिनं चुन्याच्या पाण्यात तुमचे हात चोळले, पाणी पिवळं झालं. "उतरली बघा," म्हातारी म्हणाली. मला पटलं. घरी येऊन त्या दिवसाची गोळी मीच तुमच्या हातावर ठेवली. दवाखान्यात नेलं तेव्हा तुमच्यात जिना चढायचाही दम उरला नव्हता.

शीतलला एवढंच ठाऊक आहे, की आप्पा काविळीनं गेले. तुम्हीही गोळ्यांचं कुणाला सांगितलं नाहीत. का झाकलंत मला? एकदा तरी रागवायचं होतं हो!

आता सकाळच्या एसटीनं दौंडला निघाले आहे. शीतलच्या समोरच डॉक्टरीणबाईंना सगळं सांगेन, तुमची लघवी, गोळ्या आणि माझा हट्टही. लेक मला काय बोलायचं ते बोलू दे. बाळाच्या तोंडात न चालणारं औषध माझ्या गप्प बसण्यानं जाणार नाही, हा शब्द देते.

तुमची,
कमल