दोर नसलेला माणूस

नाहूर,
१७ नोव्हेंबर १९८४

प्रिय नीला,

तार मिळाली असेल. तुझे बाबा श्वास घेतायत, एवढं आधी सांगते. शेजारचे शिवदासकाका तुला आणायला निघालेत, त्यांच्याच हाती हे पाकीट देतेय. एकटी असशील तेव्हा वाच.

संप फिसकटला, गिरणी सुटली, आणि आपल्या दोघींचे बाबा या रंगाच्या कारखान्यात लागले. तुझं लग्न झालं त्याच वर्षी मी बी.एस्सी. होऊन तिथल्याच प्रयोगशाळेत आले. जेवणाच्या सुट्टीत मी सगळ्यांना पेपर वाचून दाखवते. घरात पहिली शिकलेली मी; वाटायचं, आपल्याला कळलं ते चार जणांना कळायला हवं. तुझे बाबा, माझे धोंडूकाका, सगळ्यांच्या आधी येऊन बसायचे आणि मला मास्तरीण म्हणून चिडवायचे.

बुधवारी अमेरिकेच्या अंतराळयानाची बातमी होती. त्यांनी दोन नवे उपग्रह सोडले, आणि फेब्रुवारीत भरकटलेले दुसरे दोन पकडून परत आणायचे होते. मी खडूने फरशीवर पृथ्वी काढली, यान काढलं. त्यातला एक जण बाहेर पडला, कमरेला दोर नाही, पाठीवर फक्त एक यंत्र, आणि तरंगत उपग्रहापर्यंत गेला. धोंडूकाकांनी हातातली भाकरी खाली ठेवली. "दोर नाय? मगे वढता कोण?"

मी म्हटलं, "काका, विज्ञानावर विश्वास असला की दोर लागत नाही."

किती आवडलं होतं गं मला माझंच वाक्य.

रंगाची टाकी धुवायची आपल्या दोघींच्या बाबांची रीत तुला ठाऊक आहे. आत तुझे बाबा, तोंडाशी माझे. आतल्या वाफेने भोवळ येते, म्हणून थोड्या थोड्या वेळाने आतून कमरेचा दोर दोनदा ओढायचा, बाहेरून तसंच उत्तर द्यायचं. गुरुवारी तुझ्या बाबांनी तो कमरेला बांधलाच नाही. अख्खं वेटोळं माझ्या बाबांच्या हातात दिलं आणि म्हणाले, "कुंदान सांगितल्यान ना, इस्वास होयो, दोर नको." बाबाही हसले. आतून झाडूचा आवाज येत होता. तो कधी थांबला ते बाबांना सांगता येत नाही. त्यांनी हाका मारल्या. ओढायला काही नव्हतं. दोघा जणांनी तोंडाला ओले पंचे बांधून काकांना वर काढलं. बाबा तेव्हापासून जेवलेले नाहीत.

आजच्या पेपरात यान सुखरूप उतरल्याचं आलंय, दोन्ही हरवलेले उपग्रह घेऊन. मी बुधवारचा अंक पुन्हा काढला. बातमीच्या शेवटी होतं, माणूस वाहून गेलाच असता तर अख्खं यान त्याला आणायला त्याच्यामागे जाणार होतं. तेवढ्या ओळी मी वाचल्याच नव्हत्या. सुट्टी संपली होती.

शिवदासकाका तुला सांगतील की दोर तुटला. वस्तीत सगळ्यांनी तसंच सांगायचं ठरवलंय, माझ्या बाबांची नोकरी राहावी म्हणून, आणि माझं नाव येऊ नये म्हणून. सोमवारी चौकशीचे साहेब येतायत. बाबांनी माझ्यापुढे हात जोडले, तरी मी साहेबांना खरं सांगणार आहे. पण ते तुझ्याआधी त्यांना कळावं, हे मला सोसेना. इथे आलीस की माझ्याशी बोलू नकोस हवं तर. फक्त उद्याची वाट पाहू नकोस. डॉक्टरांनी आजच मुलीला बोलवा म्हटलंय.

म्हणू देशील तर अजूनही तुझीच,
कुंदा