लाँचचं डोकं ठिकाणावर आहे

सोमवार, ३ मार्च. सकाळी ६.४०
काल दुपारच्या फेरीत ऐन नदीच्या मध्यावर इंजिन तापलं. काटा लाल पट्ट्यात. माझी पाचावर धारण बसली, पण कुणाला दिसू दिलं नाही. इंजिनाच्या पाण्याचं टोपण उघडलं. वाफ आली. डावी भुवई थोडी गेली. नदीचं गार पाणी बादलीभर आत ओतलं. आतून 'टक्' असा आवाज आला. लाकूड वाजलं असणार, लाँच जुनी आहे. काटा लगेच खाली. प्रसंगावधान म्हणतात ते हेच.
बायकोला सांगितलं नाही. लाँच सासऱ्यांची. चाळीस वर्षं चालवली, गुडघे गेले तेव्हा जावयाच्या हवाली केली. उगीच म्हाताऱ्याच्या जिवाला घोर नको.
संकल्प : या महिन्यात पोहायला शिकणे. लाँचवाल्याला पोहता येत नाही, हे घराबाहेर कुणाला माहीत नाही.

मंगळवार, ४ मार्च
धुराड्यातून पांढरा धूर. पलीकडच्या शाळेतल्या बाई रोज पहिल्या फेरीला असतात. त्यांनी विचारलं, दादा, धूर पांढरा कसा? म्हटलं, पांढरा म्हणजे स्वच्छ, काळा असता तर काळजी. बाई विज्ञान शिकवतात. त्यामुळे पटलं असावं. नाकाला रुमाल लावून पुढे जाऊन बसल्या.
दिवसभरात इंजिन तीन कॅन पाणी प्यालं. खाली थेंब नाही. मग जातं कुठे? हा प्रश्न रात्रीही पिच्छा सोडत नाही. म्हणून विचार बंद.

गुरुवार, ६ मार्च
ऑइल मोजायची पट्टी ओढून पाहिली. ऑइलचा रंग दुधाच्या चहासारखा.
इंजिन दुरुस्त करणाऱ्या मेस्त्रींना बोलावलं. त्यांनी ऑइल बोटांवर चोळलं आणि म्हणाले, ह्यात पाणी उतरलंय, हेडला तडा आहे. हेड म्हणजे सिलिंडरवरचं जड लोखंडी झाकण. मी म्हटलं, नुसतं गॅस्केट, झाकणाखालची ती पातळ चकती, गेलं असेल हो. म्हणाले, उघडल्यावर कळेल, पण मला तडाच वाटतो. मग हळूच विचारलं, तापल्या इंजिनात कुणी गार पाणी ओतलं का?
छे! असं कोण करेल?
माझ्या भुवईकडे बघत राहिले. माणूस हुशार आहे, पण बघण्याची पद्धत चांगली नाही.
म्हणाले, चार दिवस लाँच बांधून ठेवा, हेड उतरवतो. चार दिवस बंद म्हटल्यावर सासरे का म्हणून विचारणार. पुढच्या आठवड्यात बघू, असं सांगून त्यांना वाटेला लावलं.

शुक्रवार, ७ मार्च. संध्याकाळी
स्वतः उपाय केला. ऑइल बदललं. तडे बुजवणारी पावडर मिळते, ती पाण्यात टाकली. डब्यावर हसऱ्या माणसाचं चित्र आहे. धूर निम्म्यावर. (वारा होता.)
सासरे खिडकीत बसून इंजिनाचा आवाज ऐकतात. जेवताना म्हणाले, जावईबापू, तिला धाप लागतेय. म्हटलं, वय झालंय हो. म्हणाले, कुणाचं?
मी आणखी भात वाढून घेतला.
डोळे मिटले की खालच्या अंगाचा बंधारा दिसतो. तिथून पाणी दोन पुरुष उंचीवरून खाली कोसळतं. पण आपला काय संबंध? आपण नदी आडवी ओलांडतो.

शनिवार, ८ मार्च. दुपारी १

सकाळच्या फेरीला नऊ उतारू आणि एक तान्हं बाळ. मध्यावर इंजिन खोकलं, वाफेचा लोट आला आणि सगळं बंद. स्टार्टर मारला, नुसतं खट्. सिलिंडरमध्ये पाणी भरलं होतं, असं मेस्त्री नंतर म्हणाले. लाँच प्रवाहाबरोबर बंधाऱ्याकडे वाहत निघाली. बंधाऱ्याचा आवाज मी कधी ऐकलाच नव्हता. इंजिन चालू असतं ना.
परिस्थिती मी हाताळली. आधी लाइफ जॅकेट घातलं, कारण चालक सुरक्षित तर सगळे सुरक्षित. बाकीची बारा जॅकेटं पेटीत होती. पेटीला कुलूप, किल्ली घरी. मग खांबाला धरून सगळ्यांना शांत राहायला सांगितलं. बाई म्हणतात, तुम्ही 'आई गं, आई गं' ओरडत होता. वाऱ्याने ऐकण्यात फरक पडतो.
बाईंनी विचारलं, नांगर कुठे आहे? म्हटलं, असेल इथेच. मी त्याच्यावरच उभा होतो. बाईंनी आणि दोन उतारूंनी मला बाजूला करून तो टाकला. नाही लागला, तळाशी खरडत गेला. ओढून पुन्हा टाकला. दोर ताणला गेला, लाँच गचकन थांबली. बंधाऱ्याचे तुषार चष्म्यावर येत होते.
बाळाची आई एकदाही ओरडली नाही. फक्त माझ्या जॅकेटकडे बघत होती. मी ते तिला दिलं. मी स्वतःहून काढलं की बाईंनी बकल सोडलं, नक्की आठवत नाही.
इंजिनाचा आवाज थांबलेला सासऱ्यांनी खिडकीतून ऐकला होता; वीस मिनिटांनी एका मासेमाराच्या मोटरबोटीतून बायको आली. लाँच ओढून न्यायचा दोर तिनेच बांधला. सगळे सुखरूप. 

मंगळवार, ११ मार्च
मेस्त्रींनी हेड उतरवलं. तडा दिसावा म्हणून लाल रंग लावून पुसला, वर पांढरी पावडर फवारली. एका व्हॉल्व्हपासून दुसऱ्यापर्यंत लाल रेघ उमटली. केसाएवढी. मला वाटलं होतं, मोठं भगदाड असेल. पुष्कळ वेळ बघत राहिलो.
म्हटलं, वेल्डिंग करा. मेस्त्री म्हणाले, ओतीव लोखंड आहे, वेल्ड धरेलही, पण ही माणसं नेणारी लाँच आहे, मी नाही करणार. नवंच हेड बसवायचं.
सासरे काठी टेकत आले. रेघ पाहिली. विचारलं, गार पाणी ओतलंत?
तापमानातला फरक, धातूचं वय, मूळ बनावटीतला दोष, असं सगळं उत्तर तयार होतं. तोंडातून फक्त 'हो' निघालं.
म्हणाले, मीही एकदा ओतलं होतं. तरुणपणी.
जीव भांड्यात पडणार इतक्यात म्हणाले, पण दुसऱ्या दिवशी माणसं नाही बसवली.

सोमवार, १७ मार्च. सकाळी ९
नवं हेड बसलं. मेस्त्रींनी बोल्ट मधल्यापासून कडेपर्यंत, एकेक, मापाच्या पान्याने आवळले. काटा हिरव्यात. धूर दिसत नाही. ऑइल मधासारखं. आता भीतीचं काहीच कारण नाही. हे मी बायकोला तीनदा सांगितलं.
सुकाणू तिने घेतलं. दहाव्या वर्षी शिकली होती म्हणे. मला कुणी सांगितलंच नाही. माझ्याकडे जॅकेटं वाटणं आणि दोर सोडणं. तात्पुरती व्यवस्था आहे.
उतारू येणार नाहीत असं वाटलं होतं. सगळे आले. बाळाची आईसुद्धा. तिच्या जॅकेटचा पट्टा मी दोनदा तपासला.
बायको म्हणाली, अहो, दोर सोडा आणि या आत. दोर सोडला. लाँच हातभर सरकली. मग दोन हात. पाय उचलायचा होता. उचललाच नाही. कुणी हाक मारली नाही, कुणी हसलंही नाही. लाँच पलीकडे निघाली, आवाज एकदम सुरेल.
धक्क्यावरच्या बाकावर सासरे बसले होते. ते थोडे सरकले.
मी जाऊन बसलो.